खेळांचे मुलूख (भाग ६) : यंदा काय उभं राहणार?

पावसाळ्यात लालबागच्या गणेश गल्लीत बांबू उतरले, की आसपासच्या चाळींमध्ये एकच चौकशी सुरू होते : यंदा काय उभं राहणार? १९२८ पासूनचं हे मंडळ. त्याचा गणपती ‘मुंबईचा राजा’ म्हणून ओळखला जातो आणि तिथला देखावा म्हणजे देशातल्या एखाद्या नामांकित मंदिराची किंवा महालाची भव्य प्रतिकृती. लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात, आत शिरल्यावर मान वर करून कळस पाहतात आणि गर्दीच्या रेट्याने बाहेर पडतात. विसर्जनानंतर तो अख्खा मुलूख उतरवला जातो.

ऑनलाइन भूमिकाखेळ रचणाऱ्यांपुढेही पहिला प्रश्न हाच असतो. फरक आहे तो मुक्कामाचा. त्यांनी उभारलेल्या गावात लोक पाच मिनिटांसाठी येत नाहीत, वर्षानुवर्षं राहतात. १९९७ साली सुरू झालेला ‘अल्टिमा ऑनलाइन’ अजून चालू आहे. हे खेळ चालतात कसे, ते मागच्या भागात पाहिलं : एकाच सर्व्हरवर हजारो खेळाडू, प्रत्येकाचं स्वतःचं एक पात्र आणि खेळाडू झोपला तरी जागं राहणारं जग. आता प्रश्न असा की हे जग कुठलं असावं? जादूटोण्याचं, अवकाशातलं, रहस्यकथेतलं की आजच्या शहराचं? गेल्या तीन दशकांत खेळाडूंचा कौल बहुतेक वेळा जादूच्या बाजूने पडला आहे. तो तसा का पडला, हे समजून घ्यायला आधी गिरगावात जायला हवं.

गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून दादासाहेब फाळके भारावले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी प्रयोग म्हणून वाटाण्याच्या दाण्यातून रोप उगवताना टिपलं, हेही अनेकांना माहीत असतं. पण कथापट करायची वेळ आली तेव्हा त्यांनी निवडला राजा हरिश्चंद्र. दादरला चित्रण झालं आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. पडद्याला आवाज नव्हता. तरीही राजाने राज्य का सोडलं, स्मशानात तो काय करतोय, हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कीर्तनातून, नाटकांतून आणि आजीच्या तोंडून ही कथा त्याच्याकडे आधीच पोचली होती. ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत आचारी असलेले अण्णा साळुंके पडद्यावर तारामती झाले आणि लोकांनी त्यांना तारामती म्हणूनच पाहिलं. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर तेच राम झाले आणि तेच सीता.

ऑनलाइन खेळालाही नेमकी हीच सोय लागते. वेगवेगळ्या देशांतले, एकमेकांची भाषा न कळणारे पाच अनोळखी लोक रात्री अकरा वाजता एका गुहेच्या तोंडाशी भेटतात. त्यांच्याकडे ओळखी करून घ्यायला वेळ नसतो. चिलखतवाला पुढे जाणार, काठीवाला मागे थांबून जखमा भरणार, धनुर्धर दुरून मारा करणार, हे कुणी न सांगता प्रत्येकाला कळलं पाहिजे.

हे ‘न सांगता कळणं’ एका दिवसात तयार झालेलं नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये आली. तिच्यातले बुटके, एल्फ, जादूगार इंग्रजी वाचकांच्या घरचे झाले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ छापला आणि त्या पात्रांना कामं वाटून दिली : लढवय्या, मांत्रिक, पुजारी. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं, फक्त अक्षरं. पण अनेक जण एकाच वेळी एका जादुई प्रदेशात फिरू शकत होते. १९९९चा ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ही त्याच घराण्याची पुढची नावं. २०१० साली ‘वॉरक्राफ्ट’चे पैसे भरून खेळणारे १ कोटी २० लाखांवर पोचले होते.

म्हणजे जादूच्या मुलुखाचं यश ड्रॅगनच्या पंखांत नाही. तो मुलूख प्रत्येक परक्या माणसाला असं एक काम देतो, ज्याच्यावाचून बाकीच्यांचं अडतं. खेळाडूंच्या बोलीत या कामांना टँक, हीलर आणि डॅमेज म्हणतात. हीलर नसेल तर बाकीचे चौघे कितीही शूर असोत, गुहेबाहेरच ताटकळतात.

ही सोय पाश्चात्त्यांची मिरासदारी मात्र नाही. कोरियात १९९८ मध्ये आलेल्या ‘लिनेज’ने किल्ल्यांच्या वेढ्यांवर अख्खा खेळ उभा केला. कोरियाच्याच ‘रॅग्नारॉक’मध्ये नॉर्स पुराणांतली नावं आहेत, भारतीय खेळाडूंसाठी त्याचा स्वतंत्र सर्व्हरही काही वर्षं चालला. चीनमध्ये दोन दशकं टिकून असलेला ‘फँटसी वेस्टवर्ड जर्नी’ बेतलेला आहे तो पश्चिमेच्या यात्रेवरच्या जुन्या चिनी कादंबरीवर. त्या कादंबरीतला भिक्षू म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग. सातव्या शतकात तो पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. त्याच्या वाटेवर वानर, वराह आणि राक्षस चिनी लोककथेने पेरले. चिनी खेळाडूला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, जशी गिरगावकराला हरिश्चंद्राची करून द्यावी लागली नव्हती.

मग मराठी वाचकाचा लाडका प्रकार, रहस्यकथा, इथे का चालत नाही? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांमध्ये रात्री जागवल्या. रहस्यकथेची जान एका गाठीत असते आणि ती गाठ एकदाच सुटते. हजारो लोक एकाच जगात राहत असतील तर पहिल्या रात्री कुणीतरी खुनी शोधतो आणि सकाळपर्यंत उत्तर सगळ्यांपर्यंत पोचतं. २०१२ साली नॉर्वेच्या फनकॉम कंपनीने ‘द सीक्रेट वर्ल्ड’मध्ये धाडस केलं. आजचं जग, गुप्त संघटना, दंतकथांमधली भुतं आणि खेळाडूने खरोखर डोकं चालवून, इंटरनेटवर शोध घेऊन सोडवायची कोडी. ज्यांनी ती स्वतः सोडवली ते त्या खेळावर आजही जीव टाकतात. पण तयार उत्तरं लवकरच सगळीकडे पसरली आणि २०१७ मध्ये खेळ नव्या रूपात पुन्हा बाजारात आणावा लागला. लढाईचं तसं नसतं. कालचा राक्षस आज पुन्हा मारता येतो, कारण आज सोबतीला माणसं वेगळी असतात.

अवकाशाचा मुलूख लहान, पण कडवा. आइसलँडचा ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ पासून चालू आहे. त्यात सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत आणि जवळजवळ सगळे खेळाडू एकाच जगात असतात. कुणी खनिज खणतो, कुणी माल वाहतो, कुणी दुसऱ्या गटात वर्षभर हेरगिरी करतो. जानेवारी २०१४ मधल्या एका लढाईत हजारो खेळाडू सुमारे एकवीस तास झुंजत होते. नष्ट झालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशांत अंदाजे तीन लाख डॉलर भरली.

‘ईव्ह’च्याच वर्षीचा, म्हणजे २००३चा, ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ या विषयातला सर्वांत मोठा धडा देऊन गेला. त्यात नर्तक हा एक व्यवसाय होता. लढून थकलेल्या सैनिकाचा शीण गुत्त्यात बसून नाच पाहिल्याशिवाय, गाणं ऐकल्याशिवाय उतरत नसे. त्यामुळे एकही गोळी न झाडता, संध्याकाळभर नाचत लोकांशी गप्पा मारणारे खेळाडू त्या जगाचे आधार बनले. शिंपी होते, वैद्य होते, घरं बांधणारे होते. ‘स्टार वॉर्स’च्या कथेतला नायक, म्हणजे जेडाय योद्धा, होणं मात्र फार दुर्मीळ आणि कठीण ठेवलं होतं. पुढे वाट कळली तसे लोक बाकीची कामं सोडून तिकडे धावू लागले. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने नियम बदलले; कुणालाही पहिल्या दिवसापासून जेडाय होता येऊ लागलं आणि व्यवसायांची संख्या छाटली गेली. जुने खेळाडू मोठ्या संख्येने निघून गेले. डिसेंबर २०११ मध्ये तो मुलूख कायमचा बंद झाला.

२००७ मध्ये आलेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ने सगळ्यांनाच नायक करण्याचा हा खड्डा टाळला. तिथे कुणीही फ्रोडो, म्हणजे मूळ कथेचा नायक, होत नाही. मूळ कथेतली माणसं आपल्या वाटेने पुढे गेलेली असतात. खेळाडू त्यांच्या मागे राहिलेल्या गावांमध्ये निरोप पोचवतो, शेती करतो, वाद्यं वाजवतो. खेळाडूंचे वाद्यवृंद तिथे डोंगरावर जमून दरवर्षी संगीताचा जलसा करतात.

भारतातल्या तरुण खेळाडूंची भूमिका वठवण्याची हौस मात्र गेल्या काही वर्षांत चालू काळातल्या शहरात रमली आहे. ‘जीटीए फाइव्ह’ हा २०१३चा खेळ मुळात गुन्हेगारीचा. पण चाहत्यांनी ‘फाइव्ह-एम’ नावाच्या जोडकामातून त्याचे वेगळे सर्व्हर उभे केले आणि २०२० नंतर हिंदीतून चालणारे असे सर्व्हर इथे जोमाने वाढले. शहर लॉस एंजेलिससारखं, भाषा आपली. कुणी हवालदार, कुणी अ‍ॅम्ब्युलन्सवर, कुणी गॅरेज चालवतो. अटक झाली तर कोठडीत बसायचं, गाडी ठोकली तर मेकॅनिकला फोन करायचा, आणि पात्र सोडून बोलायचं नाही, हा कडक नियम. २०२३ मध्ये मूळ कंपनी रॉकस्टारने हे जोडकाम करणाऱ्या चमूलाच आपल्यात घेतलं. इथे जादू नाही, तरी गर्दी आहे. कारण तेच : पोलीस, डॉक्टर, मेकॅनिक यांची कामं सर्वांना आधीच ठाऊक असतात आणि त्यांच्यावाचून शहर चालत नाही.

महाराष्ट्रात खेळ घडवणारी माणसं आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाला शोधत निघालेली मुलगी, महाबलासुर आणि निवेदन करणारे दुर्गा-विष्णू. देवांना खेळाडूच्या हाती न देता कथेकऱ्याच्या जागी बसवणं हा त्यातला फार विचारी निर्णय. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ सुरू केला. तिथला मुलूख भारतीय वळणाच्या भविष्यकाळाचा आहे. पहिला खेळ एकट्याने खेळायचा आणि दुसरा बंदुकांच्या चकमकीचा. एका जगात एकत्र राहण्याचा मराठी मुलूख अजून उभा राहायचा आहे.

तो उभारायचा ठरला तर पहिला मोह गडाचा होईल आणि तो रास्तही आहे. अडचण जेडायचीच : हजार खेळाडूंना एकाच वेळी शिवाजी महाराज होता येणार नाही आणि तसं कुणी करूही नये. पण महाराजांनी लावलेली गडाची व्यवस्था पाहिली तर तिथे कामांची वाटणी आयती सापडते. किल्ल्या हवालदाराकडे, शिबंदी सरनौबताकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, दाणागोटा आणि दारूगोळा कारखानिसाकडे. अधिकार असे विभागले की एकटा फितूर झाला तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये. चार अनोळखी खेळाडूंना एकमेकांवर अवलंबून ठेवणारी याहून नेमकी रचना खेळांच्या पुस्तकांत क्वचितच मिळेल.

दुसरा मुलूख गणेश गल्लीच्या आजूबाजूलाच पसरला होता. १८५४ साली ताडदेवला कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ-लालबागमध्ये एक पूर्ण जग वसलं. भोंगा वाजला की एक पाळी कामावर जाई आणि दुसरी त्याच खोलीत, त्याच वळकटीवर झोपे. मुकादम, खानावळवाली, भजनी मंडळ, तालीम, गावकीची खोली, युनियनचा कार्यकर्ता : प्रत्येकाचं दुसऱ्यावाचून अडत होतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभराहून अधिक जणांच्या तोंडून या गिरणगावाची हकिकत लिहून ठेवली आहे. त्यातली दुःखं ताजी आहेत, त्या माणसांची नातवंडं आज याच गल्ल्यांमध्ये मोबाइलवर खेळतात. म्हणून हा मुलूख उभारायचा तर त्या घरांना विचारून, त्यांना सोबत घेऊनच उभारावा लागेल.

अशा खेळात नवा खेळाडू कुठून सुरुवात करेल, हे शोधायला मात्र फार दूर जावं लागत नाही. पहाटेच्या अंधारात गिरणीच्या दाराशी बदली कामगार उभे असत. आज कुणी गैरहजर असेल तर मुकादम हाक मारणार, नाहीतर परत खोलीवर. अंगावर चिलखत नाही, हातात काठी नाही, खिशात फक्त बदलीचा पास. ओळख वाढवायची, काम शिकायचं, एखाद्या खानावळीत नाव लावून घ्यायचं, हीच त्याची पहिली मोहीम.

(पुढच्या आठवड्यात : गिल्ड म्हणजे काय, आणि खेळातली मंडळं आपला हिशेब कसा ठेवतात.)