भिंतीपलीकडचं विद्यापीठ

मुंबईत विद्यापीठापर्यंत पायी जाता येईल अशा वस्त्या मोजक्याच. वाकोला त्यांतली एक. महामार्गावरच्या पुलाखालून निघून हंस भुग्रा मार्गाने कलिन्याकडे वळलं की थोड्या वेळात विद्यानगरीचं फाटक येतं. आत दोनशे एकरांहून मोठा परिसर, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, भाषा आणि विज्ञानांचे विभाग. बाहेर डवरी नगर, गोळीबार, नाल्याकाठच्या चाळी. एका खोलीत पाच-सहा माणसं, आणि अभ्यासाला जागा म्हणजे माळा. कुणाचं घर रत्नागिरीहून आलेलं, कुणाचं बीडहून, कुणाचं जौनपूरहून. विमानतळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलातली साफसफाई, सुरक्षा, खानावळी, घरपोच पार्सलं ही कामं याच घरांतली माणसं करतात.

या घरांतल्या मुलांना पदवी का हवी असते? ज्ञानाची ओढ असतेच, पण पहिलं कारण रोकडं असतं. बँकेची परीक्षा असो की एमपीएससीची राज्यसेवा, पदवीशिवाय निवडच होत नाही. बारा तासांची ड्युटी करणारा बाप ते पुरतं जाणून असतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. कॉलेज चालू आहे तोवर लग्नाचा विषय पुढे ढकलता येतो. पदवीची ही तीन वर्षं त्यांनी मिळवलेली सवड असते.

दरवर्षी निकालाच्या दिवसांत अशा मुलांचे फोटो छापून येतात आणि सगळे जिद्दीचं कौतुक करतात. कौतुक योग्यच आहे. पण ही जिद्द नेमकी कशावर खर्च होते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडला तर बराच मोठा वाटा अभ्यासाच्या नव्हे, कागदांच्या खात्यावर निघतो.

रहिवासी कोण?

उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातला एखादा मुलगा दहावीला आजी-आजोबांकडे गावी जातो. इथला खर्च वाचतो, गावची जमीनही कुणाच्या तरी नजरेखाली राहते. बारावी करून तो परत येतो तेव्हा तो ‘दुसऱ्या मंडळाचा’ झालेला असतो. आता स्थलांतर प्रमाणपत्र आणा, विद्यापीठाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्या. इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारण अट अशी, की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या हव्यात आणि शिवाय जन्म तरी इथला हवा किंवा अधिवास प्रमाणपत्र हवं. अधिवासासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या घराने पंधरा वर्षांची वीजबिलं कुठून आणायची? पंधराव्या वर्षी घराने घेतलेला एक निर्णय असा अठराव्या वर्षी अंगावर येतो.

जातीच्या दाखल्याची गाठ याहून घट्ट आहे. राज्यघटनेची ३४१ आणि ३४२ ही कलमं अनुसूचित जाती-जमातींची यादी राज्यागणिक ठरवतात. या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला खटला मुंबईतल्या एका स्थलांतरित विद्यार्थ्याचाच होता. मर्री चंद्रशेखर राव हा आंध्रातल्या अनुसूचित जमातीतला मुलगा. वडिलांची खत कारखान्यात नोकरी, म्हणून लहानपणीच मुंबईत आलेला. त्याने इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. १९९० साली घटनापीठाने निकाल दिला, की मूळ राज्यातला दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाही. २०१८च्या बीर सिंग खटल्यात हीच भूमिका कायम राहिली. त्यामागे तर्क आहे. एखाद्या समाजाचं मागासलेपण त्या त्या प्रदेशातल्या स्थितीवरून जोखलं जातं आणि स्थानिकांच्या वाट्याला धक्का लागू नये, अशी काळजी असते. पण वाकोल्यातल्या खोलीत वाढलेल्या मुलाला हे पटवून देणं अवघड आहे. त्याने गाव पाहिलेलं असतं ते मे महिन्याच्या सुट्टीत.

राज्यातल्या राज्यात आलेल्यांचीही सुटका नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना कुटुंब कुठे राहत होतं, त्याचा पुरावा लागतो. म्हणून मुंबईत जन्मलेली मुलगीही आजोबांच्या शाळेचा दाखला काढायला एसटीने बीडला जाते. जुनं रजिस्टर सापडलं तर ठीक, नाहीतर पुन्हा खेप. प्रत्येक खेपेला रोजगार बुडतो, प्रवेशाची तारीख जवळ येते.

वेळ कुणाच्या सोयीची?

दुसरी अडचण घड्याळाची. दिवसाच्या कॉलेजात हजेरी लागते आणि घरभाड्यासाठी पगार लागतो. यावर महाराष्ट्राने फार पूर्वी उत्तर शोधलं होतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे विद्यार्थी नंतर नोकरीवर जाऊ शकतील. विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे आधी पाहून वेळापत्रक आखलं गेलं.

आजही दहावी-बारावी बाहेरून देण्याचा १७ नंबर फॉर्म, रात्रशाळा आणि दूरशिक्षण या वाटा आहेत. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ साली सुरू झालं. लोक त्याला अजूनही ‘आयडॉल’ या जुन्या नावानेच ओळखतात. त्याचं मुख्य ठिकाण कलिन्यातच, म्हणजे वाकोल्याच्या शेजारी. नोकरी सांभाळून पदवी घ्यायची तर मुंबईकरांची ही नेहमीची वाट. अडचण एवढीच, की पुस्तकं हातात आली तरी शंका विचारायला माणूस हवा आणि वाचायला जागा हवी. एका खोलीच्या घरात दूरशिक्षण म्हणजे पुष्कळदा इअरफोन कानात घालून जिन्यात बसणं.

मध्येच सुटलं तर

सगळ्यात नाजूक प्रश्न खंड पडण्याचा. घरातलं आजारपण, भावाची सुटलेली नोकरी, पुनर्विकासात पाडलेली चाळ, यांतलं काहीही वर्ष बुडवायला पुरतं. इथे जुन्या चरित्रांकडे पुन्हा एकदा पाहायला हवं. धोंडो केशव कर्वे मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी डोंगर ओलांडून पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवण्यात आलं. पुढे मुंबईत शिकवण्या करत त्यांनी १८८४ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. केलं. ही गोष्ट आपण पायी चालण्यासाठी लक्षात ठेवतो. शिकवण्यांमुळे मुंबईत टिकून राहता आलं, हा भाग विसरतो.

डॉ. आंबेडकरांचं उदाहरण अधिक बोलकं आहे. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पण चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली परत गेले. १९२१ला एम.एस्सी., १९२३ला डी.एस्सी. त्यांच्या असामान्य बुद्धीबद्दल वाद नाही. तरी दरम्यान नाव कमी झालं असतं तर त्या बुद्धीलाही पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली असती.

नव्या शैक्षणिक धोरणाने तीच मुभा आता सर्वांना देऊ केली आहे. एक वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. मिळवलेले श्रेयांक २०२१पासून सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि साधारण सात वर्षं वापरता येतात. कॉलेज बदललं, गाव बदललं तरी केलेला अभ्यास वाया जाऊ नये, असा हेतू. स्थलांतरितांच्या मुलांसाठी याहून उपयोगाची तरतूद सापडणं कठीण. पण या बँकेतला आपला आयडी काढलाय का, श्रेयांक जमा झालेत का, परत यायचं तर अर्ज कुठे करायचा, हे घरात सांगणारं कुणी नसतं. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला नियम कळतो तो बहुतेकदा मुदत उलटल्यावर.

शेजारधर्म

यावरचे उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. विद्यापीठाने आसपासच्या वस्त्यांत प्रवेशाआधी, म्हणजे एप्रिलमध्येच, कागदपत्रांचं मदत केंद्र बसवावं. जूनमध्ये फार उशीर होतो. नववीच्या वर्गातच पालकांना सांगावं, की दहावीसाठी गावी पाठवण्याची किंमत पुढे काय पडते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना कामावरून आल्यावर बसता येईल अशी अभ्यासिका संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवावी. महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते. तिथून निघालेल्या मुलांसाठी पहिल्या सत्रात इंग्रजी आणि मराठीचा आधारवर्ग द्यावा.

वाकोल्यातल्या मुलांची चिकाटी हे शहर रोज वापरतं. पहाटे विमानतळावर आणि रात्री दारात पार्सल घेऊन आलेल्या हातांत ती दिसते. ती संपवायला दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगा पुरेशा आहेत. तिच्यातून पदवीधर घडवायचा तर त्या रांगा कमी करणं हे आपलं काम आहे. मुलांनी त्यांच्या वाट्याचं केव्हाच करून ठेवलं आहे.