बारा सुरुंगांची पाणबुडी

पहिले महायुद्ध आणि आपला जिल्हा : भाग 7

मागच्या लेखात आपण नगरच्या युद्धकैद्यांच्या छावणीपर्यंत आलो होतो. 1914 च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी, मिशनरी, बोटींवरचे खलाशी यांना धरून नगरला आणण्यात आले. लढण्याच्या वयाचे पुरुष पुढची काही वर्षे इथेच अडकून पडले. बायका, मुले, वयस्क माणसे आणि बऱ्याच मिशनऱ्यांना मात्र मायदेशी पाठवायचे ठरले. त्यासाठी सरकारने ‘गोलकोंडा’ ही आगबोट ठरवली. 1915 च्या अखेरीस तिची एक फेरी झाली आणि 1916 च्या उन्हाळ्यात दुसरी.

दुसऱ्या फेरीतली माणसे उतरवून फार दिवस झाले नव्हते. 3 जून 1916 रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, ऑल्डबरो गावासमोर, गोलकोंडा स्फोटाने फुटून बुडाली. त्या पट्ट्यात जर्मन पाणबुड्या रात्रीच्या अंधारात सुरुंग पेरून जात. जर्मन बायका-मुलांना घराच्या वाटेला लावणाऱ्या बोटीचा घास त्याच पाण्याने घेतला.

नगरकरांना रणगाड्यांचे वेगळे काही सांगायला नको. रणगाडा संग्रहालय गावातच आहे. समुद्रातले युद्ध मात्र आपल्यापासून दूरचे. म्हणून आज या सुरुंग पेरणाऱ्या पाणबुड्यांची ओळख करून घेऊ, आणि त्यांतल्या एकीचा, ‘यूसी-6’ चा, माग काढू. तिच्या कारकिर्दीतला एक दिवस थेट मुंबईशी जोडलेला आहे.

टॉर्पेडो नाही, तोफ नाही

‘यूसी’ जातीच्या पहिल्या पाणबुड्या अगदी लहान होत्या. लांबी 34 मीटर, आत जेमतेम 14 माणसे. पाण्यावरचा वेग ताशी सहा सागरी मैलांच्या आसपास, पाण्याखाली त्याहून कमी. त्यांच्यावर टॉर्पेडो नव्हता आणि तोफही नव्हती. पुढच्या भागात तिरक्या बसवलेल्या सहा नळ्या आणि प्रत्येक नळीत दोन सुरुंग, असे एकूण 12 सुरुंग हेच त्यांचे मुख्य शस्त्र.

या नळ्यांत समुद्राचे पाणी खेळते असे, त्यामुळे एकदा बंदर सोडल्यावर सुरुंगाला हात लावता येत नसे. तो पाण्याखाली किती खोलीवर तरंगायचा, हे बंदरातच ठरवून यावे लागे. ठरल्या जागी तो नळीतून खाली सोडला की जड नांगर तळाशी बसे आणि सुरुंग दोराला धरून वर येऊन थांबे. त्याच्या अंगावर मऊ शिशाची शिंगे असत आणि प्रत्येक शिंगात आम्ल भरलेली काचेची नळी. बोटीचा तळ घासला की शिंग वाकायचे, काच फुटायची, आम्ल खाली उतरून विजेचा घट जिवंत व्हायचा आणि स्फोट व्हायचा. एखादा सुरुंग पेरतानाच फुटला तर पेरणाऱ्याचीही सुटका नसे. ‘यूसी-12’ ही पाणबुडी 1916 च्या मार्चमध्ये इटलीच्या तारान्तो बंदराबाहेर स्वतःच्याच सुरुंगांनी गेली.

बेल्जियमचा किनारा जर्मनांच्या ताब्यात होता. तिथल्या झीब्रुग बंदरातून या पाणबुड्या निघत, डोव्हरपासून थेम्सच्या मुखापर्यंतच्या वाटांवर सुरुंग टाकत आणि परत फिरत. सकाळी ब्रिटिशांचे मासेमारीचे ट्रॉलर दोर ओढत ते पाणी साफ करत आणि पुन्हा अंधार पडला की नवे सुरुंग येत. हा खेळ वर्षानुवर्षे चालला.

मुंबईला निघालेली मलोजा

27 फेब्रुवारी 1916, रविवारची सकाळ. पी अँड ओ कंपनीची ‘मलोजा’ लंडनहून मुंबईला निघाली होती. 12 हजार टनांहून मोठी, कंपनीच्या सर्वांत मोठ्या बोटींपैकी एक. डोव्हरपासून दोन मैलांवर असताना मागच्या बाजूला यूसी-6 ने टाकलेला सुरुंग फुटला.

कप्तानाने बोट थांबवण्यासाठी इंजिने उलटी फिरवली. तेवढ्यात इंजिनघरात पाणी शिरले आणि ती बंद करायला कोणी पोहोचू शकेना. बोट कलत होती आणि त्याच वेळी मागे मागे जात होती. अशा स्थितीत बचावाच्या होड्या खाली सोडणे जवळजवळ अशक्य. अर्ध्या तासाच्या आत मलोजा तळाला गेली. मदतीला धावलेली ‘एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम’ ही कोळशाची बोटही दुसऱ्या सुरुंगावर आदळून तिच्याजवळच बुडाली.

मलोजावरचे 155 जण दगावले. त्यांत प्रवासी होते, आणि हिंदी खलाशी मोठ्या संख्येने होते. पी अँड ओच्या बोटींवर सारंग, तांडेल आणि डेकवरचे खलाशी काठेवाड-गुजरातचे आणि आपल्या रत्नागिरीकडचे असत. भट्टीपुढचे आगवाले पंजाबी आणि पठाण, तर जेवणघरातली माणसे गोव्याची. इंग्लंडच्या फेब्रुवारीतल्या पाण्यात माणूस पोहता आले तरी फार वेळ टिकत नाही. घरी परतायच्या वाटेवर, किनारा डोळ्यांना दिसत असताना ती माणसे गेली.

यूसी-6 ची कारकीर्द आणखी दीड वर्ष चालली. तिच्या सुरुंगांनी पन्नासहून अधिक जहाजे बुडाली. त्यांत मासेमारीच्या लहान बोटीही होत्या. 1917 च्या सप्टेंबरमध्ये, थेम्सच्या मुखाबाहेर ब्रिटिशांनी लावलेल्या सुरुंगांच्या जाळ्यात सापडून ती सगळ्या माणसांसह बुडाली.

हल्लेखोर समोर नसलेले युद्ध

मोठ्या पाणबुड्याही हेच काम करत. गोलकोंडा बुडाली त्यानंतर दोनच दिवसांनी, 5 जूनला, ‘यू-75’ ने स्कॉटलंडच्या उत्तरेला पेरलेल्या सुरुंगावर ‘हॅम्पशायर’ ही युद्धनौका आदळली आणि तिच्यासोबत लॉर्ड किचनर गेले. 1902 ते 1909 हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले हे गृहस्थ. त्यांच्या मृत्यूवर आजवर ढीगभर लिहिले गेले. मलोजावरच्या खलाशांच्या वाट्याला त्यातली एखादी ओळही क्वचित आली.

सुरुंगाच्या युद्धात मारणारा समोर नसतो. तो पेरून निघून जातो आणि स्फोट होतो तेव्हा दुसरीकडेच असतो. झुंज नाही, त्यामुळे पराक्रमाची कथा नाही. कथा नाही म्हणून मेलेल्यांची आठवणही लवकर पुसते. त्यात परक्या बंदरात, परक्या झेंड्याखाली राबणारा कोकणातला खलाशी असेल तर विचारायलाच नको. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी सदनात पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचे स्मारक आहे. शाळेच्या सहली नगरचा किल्ला पाहायला येतात, नेहरूंची खोली पाहतात, हे चांगलेच आहे. मुंबईला जाणाऱ्या सहलींनी हे स्मारकही पाहावे आणि शिक्षकांनी मुलांना तिथली चार नावे मोठ्याने वाचायला लावावीत, असे मला मनापासून वाटते.

यूसी जातीच्या या पाणबुड्यांचा पल्ला हजार सागरी मैलांच्याही आतला. त्या मुंबईपर्यंत येणे शक्यच नव्हते. तरीही 1917 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या तोंडाशी जर्मन सुरुंग पडले आणि चार महिन्यांनी, 23 जूनला, आर्द्राच्या पावसात पी अँड ओची ‘मंगोलिया’ मुंबईच्या दक्षिणेला सुमारे 50 मैलांवर बुडाली. ते सुरुंग मालवाहू बोटीचे सोंग घेतलेल्या ‘वुल्फ’ या जहाजाने आणले होते.

(पुढील भागात : वुल्फ मुंबईच्या दारात)