सह्याद्रीचं मूळ कुठल्या जमिनीखाली?

कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून घाट चढवायला बँकर इंजिनं लागतात. तेवढ्या वेळात खिडकीतून कड्याकडे बघावं. काळ्या पाषाणाचे थर जिन्यासारखे एकावर एक चढलेले, मध्येच एखादा विटकरी मातीचा पट्टा. थर म्हणजे लाव्हाचे लोट. पट्टा म्हणजे दोन लोटांमधला निवांतपणा, ज्यात दगडाची माती व्हायला सवड मिळाली. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लाव्हा जमिनीखालून आला हे खरंच, पण कुठल्या जमिनीखालून?

इथल्या नव्हे. भारत तेव्हा बराच दक्षिणेला होता. तो उत्तरेकडे सरकला आणि खालची उष्ण जागा मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस हा तिचा समुद्रातला माग. आज ती मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर, रियुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

अशा जागांना उष्णता पुरवणारे खांब, म्हणजे प्लूम, थेट प्रावरणाच्या, म्हणजे कवच आणि गाभा यांमधल्या थराच्या, तळातून, 2,900 किलोमीटर खोलीवरून वर येत असावेत, असं भूभौतिकशास्त्रज्ञ जेसन मॉर्गन यांनी 1971 मध्ये मांडलं. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक जेमतेम 12 किलोमीटरचं. मग तळ बघायचा कसा? मडकं घेताना आपण करतो तेच: वाजवून. वाजवायचं काम भूकंप करतात.

या विद्येचा एक धागा भारतातूनच गेला आहे. 12 जून 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांना दूरदेशीच्या नोंदींत लाटांचे वेगवेगळे प्रकार ओळखू आले: आधी पोचणाऱ्या ‘पी’, मागून ‘एस’, शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या. 1906 मध्ये त्यांनीच लाटांच्या वेळांवरून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं.

आजची पद्धतही वेळेवरच चालते. दहा हजार किलोमीटरवरच्या भूकंपाची ‘पी’ लाट साधारण 13 मिनिटांत येते. ती एक-दोन सेकंद उशिरा आली, तर वाटेत तिला बहुधा उष्ण दगड लागला. पण नेमका कुठे, हे एकटी लाट सांगू शकत नाही. त्यासाठी निरनिराळ्या दिशांनी आलेल्या हजारो लाटांच्या वाटा एकमेकींना छेदाव्या लागतात. सीटी स्कॅनचंच तत्त्व. फरक इतकाच की इथे रुग्णाला हलवता येत नाही आणि क्ष-किरण कुठून, केव्हा सुटतील ते आपल्या हातात नाही.

रियुनियनची अडचण तर वेगळीच. चहूकडे समुद्र, मग उपकरणं ठेवायची कुठे? 2012 मध्ये फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 57 भूकंपमापकं समुद्रतळावर सोडली. प्रकल्पाची आद्याक्षरं जुळवून नाव झालं ‘रम-रम’; बेटावर उसाची रम होते, तेव्हा हा योगायोग नसावा. वजन बांधून उपकरण बुडवायचं, वर्षभर तळाशी ऐकत ठेवायचं, मग जहाजावरून ध्वनीचा संकेत द्यायचा. वजन सुटतं आणि उपकरण तरंगत वर येतं. तोवर त्याने काय ऐकलं याचा पत्ताच नसतो. एवढा धीर मला तरी धरवला नसता.

या नोंदीही वापरून काढलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्राने सरळ खांबाची कल्पना मोडली. दिसलं ते झाड. गाभ्यालगत आफ्रिकेखाली पसरलेला प्रचंड बुंधा, आणि हजार-दीड हजार किलोमीटर खोलीवर त्याला फुटलेल्या तिरप्या फांद्या. रियुनियनची फांदी खाली जावं तशी आफ्रिकेकडे कलते. म्हणजे सह्याद्रीचं मूळ सह्याद्रीखाली तर नाहीच, रियुनियनच्याही बरोबर खाली नाही.

अशी चित्रं छापून येतात तेव्हा ही झाडं लालभडक असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, आत लाव्हा उकळतो आहे. त्या लाल रंगाचा अर्थ फक्त ‘इथे लाट मंदावली’ एवढाच. कारण उष्णता असेल, दगडाची घडण वेगळी असेल, किंवा दोन्ही. बुंध्याच्या बाबतीत त्यावर अजून वाद आहे. पण प्रावरण आहे घट्ट दगडाचंच, वर्षाला काही सेंटिमीटर सरकणाऱ्या दगडाचं. तो वितळतो अगदी वर आल्यावर, दाब उतरला की.