विद्युत्-गिटार घरी घडविताना

चेन्नई शहराच्या उत्तरेस, जेथे कोसस्थलैयार नदीचे पाणी खाडीवाटे बंगालच्या उपसागरास मिळते, तेथे एन्नोर ही वस्ती आहे. एका अंगास समुद्र व मिठागरे आणि दुसऱ्या अंगास कारखाने, असे तिचे रूप आहे. दक्षिणेस लागूनच तिरुवोट्टियूर आहे. तेथील त्रिपुरसुंदरी देवीवर संत त्यागराजांनी पाच कृती रचल्या. 'तिरुवोट्टियूर पंचरत्न' या नावाने त्या आजही गायिल्या जातात. त्याच तिरुवोट्टियुरात १९५० च्या दशकात एन्फील्ड मोटारसायकलींचा कारखाना उभा राहिला. संगीत आणि यंत्र अशी शेजारी नांदत असलेल्या ह्या भागातील एखाद्या विद्यार्थ्याने मनात आणले की, आपली विद्युत्-गिटार आपणच घडवावी, तर ते त्याला साधेल काय?

साधेल, पण एक गोष्ट त्याने आरंभीच समजून घेतली पाहिजे. ह्या कामात काही चुका मागाहून दुरुस्त करता येतात, काही येत नाहीत. तार बदलता येते, चुंबक बदलता येते, लाकडाचे भोक बुजविता येते. परंतु पडद्यासाठी एकदा चुकीच्या जागी घातलेला करवतीचा काप पुसता येत नाही. कोठे हात सैल सोडावा आणि कोठे मोजपट्टीवरून नजर ढळू देऊ नये, हे कळण्यासाठी ह्या वाद्याचे शास्त्र थोडेसे जाणून घेणे अवश्य आहे.

मिरजेच्या सतारमेकरांचे काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ठाऊक आहे की सतारीचा आवाज भोपळ्यात व तबलीत घडतो. तार स्वतः फार थोडी हवा हलविते. तिचे कंपन घोडीवाटे तबलीस पोचते, तबली हवेस हलविते आणि मग तो नाद आपल्या कानी येतो. म्हणूनच भोपळ्याची निवड आणि तबलीची जाडी ह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब साठलेले असते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते ह्या कसबाचेच होय. तंजावरच्या वीणेचा फणसाच्या लाकडाचा कुंभही असाच हाताने कोरावा लागतो. असले कौशल्य घरबसल्या दोन महिन्यांत येत नाही.

विद्युत्-गिटारीत हे ओझे लाकडावर नसते. अमेरिकेत जॉर्ज बोशां ह्यांच्या कल्पनेवरून १९३१-३२ च्या सुमारास तयार झालेली पहिली यशस्वी विद्युत्-गिटार ॲल्युमिनियमची होती आणि तिच्या आकारामुळे लोक तिला 'तळण्याचा तवा' म्हणत. पुढे १९४० च्या सुमारास लेस पॉल ह्या वादकाने एका चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून दाखविल्या आणि १९५० साली लिओ फेंडर ह्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. भरीव ओंडका फारसा नाद देत नाही, हाच येथे त्याचा गुण ठरतो. पोकळ वाद्य ध्वनिवर्धकाच्या आवाजाने स्वतःच थरथरू लागते आणि मग कर्कश घूं-घूं सुरू होते. भरीव लाकूड स्वस्थ राहते.

मग तारेचा आवाज ध्वनिवर्धकापर्यंत पोचतो कसा? मायकेल फॅरडे ह्यांनी १८३१ साली दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. गिटारीच्या तारांखाली छोटी चुंबके असतात व त्यांच्याभोवती इनॅमल चढविलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. ह्यालाच 'पिकअप' म्हणतात. चुंबकाच्या सान्निध्याने वरची पोलादी तार स्वतःच किंचित चुंबकीय होते. ती सेकंदास जितक्या वेळा हलते, तितक्याच वेळा वेटोळ्यातील क्षेत्र कमीजास्त होते आणि त्याच कंपनसंख्येचा क्षीण प्रवाह वाहू लागतो. म्हणून तार पोलादाचीच हवी. आपल्या वाद्यांवरील खर्जाच्या पितळी तारा ह्या पिकअपला ऐकूच येत नाहीत, कारण पितळ चुंबकाला दाद देत नाही.

हे वेटोळे घरी गुंडाळता येते. तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाहूनही बहुधा बारीक असते. हाताने फिरविण्याच्या ड्रिलवर रीळ बसवून सात-आठ हजार वेढे मोजत घालावे लागतात. तार तुटली की पुन्हा आरंभ! पण ही चूक वाद्यास मारक नाही. वेळ आणि थोडी तार, एवढेच काय ते जाते. एकेरी वेटोळ्यास घरातील विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाटही ऐकू येतो. सेथ लव्हर ह्या अभियंत्याने १९५५ साली त्यावर तोड काढली. दोन वेटोळी शेजारी बसवावयाची. एकाचे वेढे आणि चुंबकाचे ध्रुव, दोन्ही दुसऱ्याच्या उलट ठेवावयाचे. बाहेरचा गुणगुणाट दोहोंत परस्परविरुद्ध येऊन मावळतो आणि तारेचा स्वर दोहोंत एकाच दिशेने येऊन बळावतो.

आता त्या न पुसता येणाऱ्या कापाकडे वळू. तारेची लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो. त्या सप्तकाचे बारा समान टप्पे पाडावयाचे, तर प्रत्येक पडद्यापाशी उरलेल्या लांबीचा ठरावीक हिस्सा कमी करावा लागतो. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे स्वतः वादक होते. त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात हा हिस्सा एक-अठरांश सांगितला आणि वाद्यकारांनी तो शतकानुशतके पाळला. मात्र काटेकोर गणिताने भाजक १८ नव्हे, १७.८१७ येतो.

घोडीपासून दांडीच्या माथ्यावरील पट्टीपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर आहे असे धरा. पहिला पडदा माथ्याच्या पट्टीपासून ३६.४ मिलिमीटरवर येईल, दुसरा ७०.७ वर आणि बारावा नेमका मध्यावर, ३२४ वर. अठराच्या नियमाने गेल्यास बारावा पडदा सुमारे ३२१.६ वर, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. येथे अनुभवी कारागिरांचा एक संकेत ध्यानात ठेवावा : प्रत्येक खूण माथ्याच्या पट्टीपासूनच मोजावी, आधीच्या पडद्यापासून मोजू नये. दर वेळी पाव मिलिमीटर चूक झाली, तर एकापुढे एक मोजणाऱ्याची बाराव्या पडद्यापर्यंत तीन मिलिमीटर चूक साठते. एकाच ठिकाणापासून मोजणाऱ्याची पावच राहते.

लाकडाविषयी दोन शब्द. सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाइतका असतो. तो दांडीस रात्रंदिवस वाकवू पाहतो. म्हणून दांडीच्या आत पोलादी सळई बसवितात आणि पेचाने तिचा ताण कमीजास्त करतात. एन्नोरसारख्या ठिकाणी दमट हवेने कच्चे लाकूड फुगते व वाकते, तेव्हा ते वर्षानुवर्षे मुरलेलेच घ्यावे. जुन्या दाराची चौकट किंवा मोडका पलंग ह्या कामी नव्या फळीहून बरा. खाऱ्या वाऱ्याने पोलादी तारा गंजतात. वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय लावावी. पडदे जर्मन सिल्व्हरचे असावेत. त्यात लोखंड नसल्याने ते गंजत नाहीत.

जुन्या लाकडाचा हा सल्ला कोणास काटकसरीचा वाटेल; पण जगातील एक अत्यंत प्रसिद्ध गिटार अशाच लाकडाची आहे. लंडनजवळच्या फेल्टम येथे १९६३ साली ब्रायन मे हा सोळा वर्षांचा विद्यार्थी व त्याचे वडील हॅरोल्ड ह्यांनी ती घरी करावयास घेतली, कारण दुकानातली गिटार घेण्याइतके पैसे नव्हते. दांडी एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरून काढली. तिच्यातील किड्यांची भोके आगकाड्यांनी बुजविली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड वापरले. तारांचा ताण हालविणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगा बसविल्या. पडद्यांच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्यांच्या गुंड्यांच्या होत्या. हॅरोल्ड इलेक्ट्रॉनिक्स जाणत असल्यामुळे पिकअपही घरीच गुंडाळले. ते वाजले खरे, पण तार आडवी ओढली की त्यांतून विचित्र आवाज येई. अखेर बापलेकांनी विकतचे पिकअप आणून बसविले. दोन वर्षांच्या ह्या खटाटोपात पिकअप चुकले आणि बदलले गेले; दांडी व पडदे मात्र टिकले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारूख बलसारा, ज्याला जग फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते, त्याच्या गाण्यास 'क्वीन' ह्या वाद्यवृंदात हीच गिटार साथ देत असे. २००२ साली ती बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर वाजली. मे ह्यांनी पुढे २००७ साली खगोलभौतिकीत डॉक्टरेटही मिळविली.

येथवर आपण जे मोजमाप पाहिले, ते पाश्चात्य संगीताचे. आपल्या रागांसाठी ते पुरते काय? षड्जाच्या तारेवर सातव्या पडद्याचा पंचम २१५.५ मिलिमीटरवर येतो. शुद्ध पंचमाची जागा २१६ वर आहे. अर्ध्या मिलिमीटरचा भेद कानास जाणवत नाही. पण गंधार पाहा. शुद्ध गंधार १२९.६ वर असावयास हवा, तर चौथा पडदा १३३.७ वर बसतो. हा चार मिलिमीटरांचा भेद आहे आणि तंबोऱ्याच्या संगतीत तो गंधार चढा लागतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने सरकविता येतात. गिटारीचे पडदे लाकडात ठोकलेले असतात. तार आडवी ओढून स्वर चढविता येतो, उतरविता येत नाही.

ह्या अडचणीतून वाट काढणारा कलावंत चेन्नईनेच पाहिला. आंध्रातील पालकोल्लू येथे १९६९ साली जन्मलेले यू. श्रीनिवास हे विद्युत्-मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवीत. चेन्नईत त्यांचे पहिले वादन १९८१ साली, बाराव्या वर्षी झाले. मँडोलिनला एरवी आठ तारा, चार जोड्यांत असतात. जोडीतील दोन्ही तारा एकसारख्या ओढल्या जात नाहीत, त्यामुळे गमक स्वच्छ निघत नाही. श्रीनिवासांनी जोड्या काढून टाकल्या आणि पाच एकेरी तारा ठेवल्या. वाढविलेल्या तारेमुळे खालचे सप्तक हाती आले. मँडोलिनच्या आखूड तारेचा नाद लवकर विरतो. विजेमुळे तो लांबविता आला. पडदे होते तेच राहिले. वीणावादकाप्रमाणे खालच्या पडद्यावरून तार ओढून हवा तो स्वर त्यांनी बोटाने शोधला. २०१४ साली चेन्नईत त्यांचे निधन झाले. त्यांच्याबरोबर वाजविणारे इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉग्लिन ह्यांनीही १९७० च्या दशकात 'शक्ती' ह्या वाद्यवृंदासाठी पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेली गिटार वापरली होती. त्यामुळे बोट लाकडास न टेकता तार वीणेसारखी ओढता येते.

आपल्या हातच्या वाद्यात फेरफार करावयाचा, तो असा. आधी आपल्या गाण्यास काय हवे ते ठरवावे आणि मग तेवढाच भाग बदलावा. नुसता रंग बदलल्याने गिटार निराळी दिसेल, निराळी वाजणार नाही.

एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. गिटारीतील प्रवाह अगदी क्षीण असतो, त्यापासून भय नाही. ध्वनिवर्धक मात्र घरातील विजेवर चालतो आणि गिटारीच्या तारा केबलीवाटे त्यास जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या प्लगवर तो कधीही लावू नये. त्याचे झाकण विद्यार्थ्याने उघडू नये. विशेषतः व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात वीज बंद केल्यावरही धारित्रांत प्राणघातक भार शिल्लक असू शकतो.

पहिल्याच खेपेस सहा तारांची गिटार करावयास घेऊ नये. मीटरभर लांबीची एक जाड, सरळ फळी घ्यावी. तिच्यावर दोन आडव्या पट्ट्या ६४८ मिलिमीटर अंतरावर बसवून त्यांवर एकच पोलादी तार ताणावी. खाली एक चुंबक व त्याभोवती आपण गुंडाळलेले वेटोळे ठेवावे. तारेपासून ते दोन-तीन मिलिमीटर खाली असावे. फार जवळ आणल्यास चुंबक तारेस ओढतो आणि स्वर बिघडतो. पडदे ठोकू नयेत, दोऱ्याने बांधावेत. मग एक पडदा १३३.७ मिलिमीटरवर आणावा आणि तंबोरा लावून गंधार ऐकावा. नंतर तोच पडदा १२९.६ वर सरकवून पुन्हा ऐकावा. ते चार मिलिमीटर ज्या दिवशी आपल्या कानाला स्पष्ट ऐकू येतील, त्या दिवशी करवत हाती घ्यावयास हरकत नाही.