‘चोखंदळ’ मासा आणि घरातील टाकी

वस्तूला दिलेले नाव पुष्कळदा त्या वस्तूविषयीचा निर्णय आधीच ठरवून टाकते. शोभेच्या माशांच्या व्यापारात ‘मँडरिन’ म्हणून विकला जाणारा समुद्री मासा हे याचे बोलके उदाहरण होय. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या वनप्रदेशातील एखाद्या कुटुंबाने आपल्या लहानशा टाकीसाठी हा मासा घ्यावा की घेऊ नये, या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्रात आहे हे खरे; तथापि प्रश्न नीट मांडू पाहताच आड येतात ते प्रथम शब्दच.

‘मँडरिन’ हा शब्द मराठी वाचकाला परका वाटला, तरी तो घरचाच आहे. संस्कृत ‘मंत्रिन्’ मलय भाषेत ‘मन्तेरी’ झाला. तेथून पोर्तुगीजांनी तो उचलला आणि आज्ञा करणे या अर्थाच्या आपल्या ‘मांदार’ या क्रियापदाच्या छायेत त्याचे ‘मांदारिम’ केले. चिनी साम्राज्यातील अधिकाऱ्यांना युरोपीय लोक हा शब्द लावू लागले आणि त्यांच्या रंगीत झग्यांच्या साम्यावरून तो या नारिंगी-निळ्या माशाला चिकटला. (खुद्द चिनी लोक त्या अधिकाऱ्यांना ‘ग्वान’ म्हणत, हा भाग वेगळा.) येथवर सारे निरुपद्रवी आहे. परंतु दुकानात हाच मासा ‘मँडरिन गोबी’ या नावानेही मिळतो, आणि ते नाव मात्र घातक ठरते. गोबी कुळातील अनेक लहान मासे टाकीत टाकलेले कोरडे खाद्य सहज खातात. हा मासा त्या कुळातला नव्हेच. शास्त्रज्ञ हेर याने १९२७ साली वर्णिलेली ही जाती, सिंकिरोपस स्प्लेंडिडस, सर्वस्वी निराळ्या कुळातील आहे. नावावर विश्वासून घेणारा मनुष्य कुळाबरोबर आहारही चुकतो.

दुसरा शब्द ‘चोखंदळ’. चोख असेल तेवढेच निवडून घेणाऱ्याला मराठीत चोखंदळ म्हणतात. म्हणजे या शब्दात निवडीचे स्वातंत्र्य गृहीत आहे. मुलाने भाजी नाकारली, तर दोन वेळा उपाशी राहून तिसऱ्या वेळी ते ती खाईल, असा जो घरगुती अनुभव, तोच या शब्दाबरोबर नकळत माशाला लावला जातो. वस्तुतः सहा-सात सेंटिमीटर लांबीच्या या माशाचे मुख इवलेसे असते. दगडांच्या कपारींतून हलणारे सूक्ष्म कवचधारी, कृमी इत्यादी जीव तो दिवसभर एकेक करून टिपतो. यांत प्रमुख कोपेपोड, ज्यांना पारिभाषिक मराठीत अरित्रपाद, म्हणजे वल्ह्यासारखे पाय असणारे, असे नाव आहे. समुद्रातून पकडून आणलेल्या बहुतेक मँडरिनांना निश्चल दाणा अन्न म्हणून ओळखूच येत नाही. तेव्हा ते अन्न नाकारत नाहीत. त्यांच्यापुढे अन्न नसतेच. दाण्यांच्या ढिगाशेजारी असा मासा आठवड्या-आठवड्यांनी रोडावतो, आणि त्याचे रंग मात्र बराच काळ झळझळीत राहत असल्याने घरच्यांना शंकाही येत नाही.

आता टाकीचा हिशेब. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. तीत अरित्रपादांची पैदास होते खरी, पण एका पिढीस काही आठवडे लागतात, आणि मासा तर रोज सकाळपासून टिपत असतो. म्हणून जाणकार पाळणारे सुमारे २८० लिटरांची, जिवंत दगडांनी भरलेली आणि निदान सहा महिने ते वर्षभर मुरलेली टाकी मागतात. पाण्याच्या पसाऱ्यावरून मत्स्यबीजाची संख्या ठरवावी लागते, ही गोष्ट या जिल्ह्यांतील मामा तलावांवर जगणाऱ्या ढीवरांना कोणी शिकवावी लागत नाही. टाकीपाशी आलेला शहरी गृहस्थ तीच विसरतो. त्यातही ‘जिवंत दगड’ म्हणजे बहुधा प्रवाळाचे सांगाडे. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले असल्याने, आपल्या समुद्रातील असे दगड काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. मग उरतात ते भाजलेल्या मातीचे कृत्रिम दगड. त्यांत जीवसृष्टी रुजण्यास अधिकच काळ द्यावा लागतो.

स्थानिक हवामान तर याहून कठोर. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, ते समुद्राला लागून. वैनगंगा आणि वर्धा यांचे पाणीही प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने अखेर बंगालच्या उपसागरास मिळते, पण समुद्राचे पाणी उलट दिशेने चंद्रपुरास येत नाही. ते घरीच, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून तयार करावे लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर या माशाला २४ ते २६ अंशांचे पाणी हवे. वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. समजा, रोज दोन लिटर पाणी आटले आणि पाच दिवस कोणी पाहिले नाही, तर ५४ लिटरांचे ४४ होतात आणि लिटरमागे मीठ जवळजवळ ४३ ग्रॅमांवर जाते. त्यात गोडे, शुद्ध पाणीच घालावयाचे असते; खारे घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

अपवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. २०१० च्या सुमारापासून परदेशात या जातीची बंदिस्त पैदास बाजारात येऊ लागली; अशी पिल्ले गोठविलेले खाद्य, क्वचित दाणेही, स्वीकारतात. तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता आपल्या डोळ्यांदेखत मासा खातो का हे पाहावे, तेही एकदा नव्हे, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. पोट खपाटीला गेलेले आणि पाठीशी मांस उतरलेले दिसल्यास तो घेऊ नये. दयेने घेतलेला मासाही बहुधा वाचत नाही. वरील ५४ लिटरांच्या टाकीसाठी रानातून पकडलेला मँडरिन कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. समुद्री मासाच हवा असेल, तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ज्याची पैदास भारतातच यशस्वी केली आहे असा विदूषक मासा निवडावा. तो दाणे खातो. मीठ, उष्मा आणि खंडित होणारी वीज यांची काळजी मात्र त्याच्यासाठीही तितकीच घ्यावी लागते.