कलम ९९ अ आणि सायकलची वाट

न्यू साउथ वेल्सच्या १९८८च्या परिवहन प्रशासन कायद्यात ९९ अ नावाचं एक कलम आहे. संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केल्याशिवाय राज्यातला कोणताही रेल्वेमार्ग बंद करता येणार नाही, असं ते मूळ रूपात सांगतं. बंद करणं म्हणजे काय, हेही तिथेच सांगितलं आहे: जमीन विकणं किंवा रूळ उखडणं. गाडी येत नाही, एवढ्याने मार्ग बंद ठरत नाही. वीस वर्षं शिटी ऐकू आली नाही, रुळांच्या मधून कापराची झाडं वर आली, तरी सरकारदप्तरी मार्ग शाबूत.

सिडनीच्या हॅरिस पार्कात राहणाऱ्या माणसाने या कलमाच्या नादी का लागावं? विग्रम स्ट्रीटवर संध्याकाळी डोसा आणि चाट खायला येणाऱ्या गाड्यांमधून सायकल काढून पाहिली, की उत्तर मिळतं. मोटारींपासून सुटका हवी असेल, तर सायकलवाल्याने जुने रेल्वेमार्ग आणि जुने पाण्याचे कालवे शोधावेत, हे मी फार पूर्वी शिकलो. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे. शंभर मीटरला दोन-अडीच मीटरपेक्षा जास्त चढायची वेळ सहसा येऊ नये, म्हणून इंजिनिअरांनी डोंगर कापले, भराव घातले, मोऱ्या बांधल्या, नद्यांना वळसे दिले. कालव्याचं तर विचारूच नका. तिथे उतार इतका बेताचा, की डोळ्यांना दिसतही नाही. पन्नाशीच्या गुडघ्यांना याहून चांगला रस्ता कोणी बांधून देणार नाही.

ही युक्ती जगाला नवी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधला एलरॉय ते स्पार्टा हा सोडून दिलेला मार्ग १९६०च्या दशकातच सायकलवाट झाला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ मार्गावर जॉन ग्रिमशॉ आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७०च्या दशकाअखेरीस फावडी हाती घेतली. व्हिक्टोरियात टॅलारूक ते मॅन्सफील्ड १३४ किलोमीटर, क्वीन्सलँडात ब्रिस्बेन व्हॅलीची वाट १६१ किलोमीटर. शेजारची राज्यं इतकी पुढे गेली आणि न्यू साउथ वेल्स मात्र हजारो किलोमीटर गंजके रूळ कवटाळून बसलं. कारण ९९ अ.

आधी घराजवळचं सांगतो. हॅरिस पार्कहून गिल्डफर्डपर्यंत गल्लीबोळांतून जावं लागतं, पण तिथल्या पाइपहेडपासून प्रॉस्पेक्टच्या दिशेने लोअर प्रॉस्पेक्ट कालव्याचा पट्टा सुरू होतो. साधारण पावणेआठ किलोमीटर, एकही मोटार नाही. एडवर्ड ऑर्पेन मॉरिआर्टी या सरकारी इंजिनिअरच्या अप्पर नेपियन योजनेतून १८८८मध्ये इथून सिडनीला पाणी जाऊ लागलं, पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर. १९९०च्या दशकात पाणी नळांत गेलं आणि मोकळ्या झालेल्या कालव्याच्या जागेवर वाट झाली. दोन्ही बाजूंना मूळच्या कंबरलँड मैदानातली निलगिरीची झाडं उरली आहेत, आणि बूथटाउनच्या जुन्या कमानींच्या जलसेतूपाशी हमखास कोणीतरी फोटो काढत असतं. मॉरिआर्टीचं नाव मात्र तिथे कोणालाच ठाऊक नसतं.

आमच्या पूर्वेला कार्लिंगफर्डचा फाटा होता. दोन खासगी कंपन्यांनी तो दोन तुकड्यांत बांधला, १८८८ आणि १८९६ साली. डुरलपर्यंत जायचं स्वप्न होतं. पैसे संपले आणि सरकारला तो गळ्यात घ्यावा लागला. ५ जानेवारी २०२०ला तो बंद झाला. आता त्या जागेवरून लाइट रेल धावते आणि शेजारून ५.७ किलोमीटरची पादचारी-सायकल वाट जाते. रूळही राहिले आणि सायकलही आली. राज्याच्या उत्तर टोकाला याच प्रश्नावर माणसं वीस वर्षं भांडली.

कॅसिनो ते मुरविलंबा हा मार्ग १३२ किलोमीटरचा. त्यातला लिस्मोर ते मुरविलंबा हा भाग मे १८९४मध्ये सुरू झाला. मे २००४मध्ये, ११० वर्षांनी, सिडनीहून येणारी एक्सपीटी गाडी सरकारने बंद केली. कारण नेहमीचंच: जुने लाकडी पूल, दुरुस्तीचा खर्च, उतारू कमी. बदल्यात बस मिळाली. लोक चिडले आणि 'ट्रेन्स ऑन अवर ट्रॅक्स' ही चळवळ उभी राहिली. म्हातारी माणसं, गाडी न चालवणारी कॉलेजची मुलं, दवाखान्यात जाणारे आजारी, यांचं काय, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आजही आहे.

दुसऱ्या बाजूला सायकलवाट मागणारे होते. गाडी काही परत येत नाही, निदान जमीन तरी वापरा, असं ते म्हणत. मधले समजूतदार म्हणत, रूळ ठेवा आणि शेजारून वाट काढा. हे ऐकायला गोड आहे. पण भराव एका रुळापुरताच रुंद, कडेला उतरण, खाली ओढा, पुढे बोगदा. शेजार म्हणायला जागाच नाही. बायरन बेच्या लोकांनी आपला वेगळा डाव टाकला. डिसेंबर २०१७मध्ये त्यांनी १९४९ सालचे डबे दुरुस्त करून, छतावर सौरपट्ट्या बसवून, तीन किलोमीटरच्या तुकड्यावर गाडी चालवून दाखवली. रूळ वाचवायचा हा खेळकर पण जिद्दीचा मार्ग मला मनापासून आवडतो.

दरम्यान, दक्षिणेत टुंबारुंबाने बाजी मारली. तिथे गाडी १९७४पासूनच बंद होती, त्यामुळे रडणारं कोणी उरलं नव्हतं. २०१७मध्ये संसदेने रोझवुड ते टुंबारुंबा हा २१ किलोमीटरचा तुकडा रीतसर बंद करायचा कायदा केला. डन्स रोडचा वणवा त्या मुलखाला होरपळून गेला आणि त्यानंतर काही महिन्यांत, एप्रिल २०२०मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, राज्याच्या सरकारी रेल्वेजमिनीवरची ही पहिली सायकलवाट उघडली. पाहुणे यायलाच बंदी होती, असा मुहूर्त!

मग २०२०मध्ये उत्तरेसाठीही कायदा झाला. मुरविलंबा ते क्रॅब्स क्रीक या २४ किलोमीटरवर रूळ उखडायचं ठरलं. २०२२च्या महापुराने काम रखडवलं आणि १ मार्च २०२३ला वाट खुली झाली. कॅसिनो ते बेंटली हा तुकडा पुढच्या वर्षी आला.

ही वाट मी चालवली आहे. स्टोकर्स सायडिंगपाशी उसाची शेतं सुरू होतात. ऊस दिसला की आपला माणूस उगाच कोल्हापूर-सांगलीशी तुलना करतो, तशी मीही केली. पुढे बरिंगबारचा बोगदा लागतो, ५२४ मीटरचा. सायकलवरून उतरावं, दिव्याचा झोत जमिनीकडे करावा. थोडं आत गेल्यावर डोळे सरावतात आणि भिंतीवर निळसर ठिपके दिसू लागतात. हे काजवे नव्हेत. ॲराक्नोकॅम्पा जातीच्या एका चिलटाच्या या अळ्या आहेत. त्या भिंतीवरून चिकट धागे खाली सोडतात आणि शेपटाच्या उजेडाला भुलून आलेला किडा त्यात अडकला, की धागा वर ओढून त्याला खातात. सतत उजेड पडला तर त्यांचं पोट भरत नाही, म्हणून ही दिवा खाली करण्याची विनवणी. गाडीत बसलेल्या उतारूंना शंभर वर्षांत हे दिसलं नसणार. बोगदा संपेपर्यंत ते वर्तमानपत्र घडी करत असतील.

बरिंगबार आणि मूबॉल ही गावं म्हणजे एक रस्ता, एक पब, दोन-चार दुकानं. आता तिथे सायकलवाले कॉफीसाठी थांबतात. पण सायकलवाट ही सुट्टीवरच्या माणसाची सोय आहे. मुरविलंबाच्या आजीला लिस्मोरच्या इस्पितळात न्यायला ती उपयोगाची नाही. वाट मागणाऱ्यांनी जिंकल्यावर हे विसरू नये. पर्यटनाच्या पत्रकांत मात्र हे विसरण्याचीच चढाओढ दिसते.

तरीही माझा कौल ९९ अ या कलमाच्या बाजूनेच आहे, आणि त्याचं कारण सायकलवाल्यांना रुचणार नाही. ज्या कलमाला त्यांनी अडसर म्हणून शिव्या दिल्या, त्यानेच ही पट्टी अखंड ठेवली. जमीन विकता येत नव्हती, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला ती कुंपणात घेता आली नाही, बिल्डरला प्लॉट पाडता आले नाहीत. अमेरिकेने १९८३मध्ये याच हेतूने कायदाच केला: पुढे कधी गाडी लागली तर असू दे म्हणून मार्गाची जमीन सलग ठेवायची, तोवर त्यावर लोकांना चालू द्यायचं, सायकल फिरवू द्यायची. रेल्वे वाचवणारे आणि सायकलवाले हे मुळात एकाच जमिनीचे राखणदार आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

आपल्याकडे मुंबई महापालिकेने तानसाच्या जलवाहिनीलगत ३९ किलोमीटरची सायकलवाट आखली. तानसाचं पाणी मुंबईत आलं ते १८९२मध्ये, म्हणजे मॉरिआर्टीच्या कालव्यानंतर चारच वर्षांनी. पण सायकलवाट आखेपर्यंत जलवाहिनीच्या कडेने हजारो संसार उभे राहिले होते. कोर्टाच्या आदेशाने ते हटले आणि अनेकांना माहुलच्या प्रदूषणात जावं लागलं. पट्टी आधीच राखली नाही, की नंतर ती अशी राखावी लागते, आणि किंमत गरीब मोजतो.

विदर्भात अजून वेळ गेलेली नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला, अडीच फुटी रुळांची, १८९ किलोमीटर, कापसाच्या सपाट रानांतून जाणारी. १९९४पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. गेल्या दशकात गाड्या एकेक करून थांबल्या, आणि अचलपूरकर ती परत मागतात. त्यांना ती मिळायलाच हवी, शक्य असेल तर ब्रॉडगेजवर. पण सर्वेक्षणं आणि घोषणा चालू असताना भरावाची जमीन तुकड्या-तुकड्याने जाऊ नये. त्या गावांतल्या वाचकांना एवढंच सांगणं आहे: ग्रामसभेत ठराव करा, तहसिलीतून शकुंतलेच्या जमिनीचे नकाशे काढून ठेवा, आणि कुठे कुंपण सरकलं तर तक्रार नोंदवा.