कॅसेट गेली, कार्ड आले: गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्यात कॅसेटऐवजी फ्लॅश मेमरी कार्ड येऊ लागले ते २००४ पासून. पॅनासॉनिकने त्या वर्षी पी-टू कार्डाचा कॅमेरा बाजारात आणला. सोनीचे एस-बाय-एस कार्ड २००७ मध्ये आले. कोल्हापुरात आज लग्नाचे शूटिंग असो वा केबल वाहिनीची बातमी, काम कार्डावरच होते. समजुती मात्र अजून कॅसेटच्या काळातल्या आहेत.

कॅसेट ॲनालॉग आणि कार्ड डिजिटल, म्हणून कार्डावरचे चित्र चांगले, ही त्यांतली सर्वांत पसरलेली समजूत. १९९५ मध्ये आलेली मिनीडीव्ही कॅसेट पूर्णपणे डिजिटल होती. तिच्यावर चित्र सेकंदाला २५ मेगाबिट या दराने नोंदले जाई आणि एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागे. तेच चित्र त्याच दराने कार्डावर उतरवले तर दर्जात काडीचाही फरक पडत नाही. दर्जा ठरतो तो लेन्स, सेन्सर आणि कोडेक यांवर.

बदलली ती यंत्रणा. मिनीडीव्ही कॅमेऱ्यात ६.३५ मिलिमीटर रुंदीची टेप मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या ड्रमवरून सरकत असे. हेड मळले की चित्रात चौकोन पडत. जुलैच्या पावसात वातानुकूलित हॉलमधून कॅमेरा बाहेर आणला की ड्रमवर दव धरे, पडद्यावर ‘ड्यू’ची सूचना येई आणि ड्रम कोरडा होईपर्यंत रेकॉर्डिंग बंद राही. कार्डात हलणारा भागच नसल्याने ही अडचण संपली.

कार्डावर छापलेला १७० सारखा मोठा आकडा म्हणजे शूटिंगचा वेग, असे समजून खरेदी होते. तो बहुधा कार्ड वाचण्याचा कमाल वेग असतो. कॅमेऱ्याला लागतो न तुटणारा लेखनवेग, आणि तो ‘व्ही’ या खुणेत असतो: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. कॅमेऱ्याचा दर मेगाबिटमध्ये दिलेला असल्याने त्याला आठाने भागावे लागते. १०० मेगाबिटला १२.५ मेगाबाइट, म्हणजे व्ही३० पुरते. ४०० मेगाबिटला ५० मेगाबाइट, म्हणजे व्ही६० हवे. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण गाभाऱ्यात काही मिनिटेच टिकतात. तिथे कार्ड अडखळले तर रिटेक नाही. म्हणूनच दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग करण्याची सोय मोलाची ठरते.

कॉपी करताना फक्त व्हिडिओची फाइल उचलली की झाले, हाही गैरसमजच. पी-टू कार्डावर चित्र, आवाज आणि क्लिपची माहिती वेगवेगळ्या फोल्डरांत असते. एक फोल्डर सुटला तर क्लिप नीट उघडत नाही. कार्ड जसेच्या तसे, सर्व फोल्डरांसह उतरवून घ्यावे लागते. उलट, चुकून फॉरमॅट झाले की सारे गेलेच, असेही नाही. कॅमेऱ्याच्या साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फाइलींची यादीच पुसली जाते. त्यावर नवे काही चित्रित केले नाही, तर मूळ माहिती परत मिळण्याची शक्यता बरीच असते.

सर्वांत महागात पडणारी समजूत म्हणजे कार्ड कपाटात ठेवले की चित्रीकरण सुरक्षित. फ्लॅशच्या पेशीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो हळूहळू गळतो. कार्ड वापराने झिजलेले असेल किंवा उष्णतेत पडून असेल तर अधिक लवकर. शिवाय कॅसेट असताना एडिटिंगनंतरही मूळ चित्रीकरण हाती राहत असे. आता कार्ड पुढच्या कामासाठी रिकामे होते आणि मूळ फक्त हार्ड डिस्कवर उरते. एकच प्रत असणे किती धोक्याचे, हे कोल्हापूरने पाहिले आहे: १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि ‘मीठभाकर’ हा चित्रपट पुन्हा चित्रित करावा लागला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरातल्या शाहूपुरीत पाणी शिरले होते. तेव्हा दोन डिस्क एकाच दुकानात ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवण्यासारखे.

टेप कालबाह्य झाली, हेही अर्धेच खरे. कॅमेऱ्यातून ती गेली, पण मोठे संग्रह दीर्घकाळ जपण्यासाठी एलटीओ ही चुंबकीय टेपच वापरतात; तिच्या नवव्या पिढीच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट माहिती मावते.